सकाळी गाडी सुरू करताना खडखड: टायमिंग चेन टेन्शनर की दुसरं काही?

गडहिंग्लजकर (४ डिसेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, २०१२ चं मॉडेल. २०१६ साली सेकंडहँड घेतली, आता १,३८,००० किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इतक्या चाललेल्या गाडीचा दोष कंपनीच्या माथी मारणं मला पटत नाही. इंजिनात क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारी टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही.

दिवाळीपासून सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिनातून खडखड येते. परातीत भुईमुगाच्या शेंगा ओतल्यावर येतो ना, साधारण तसा आवाज. आधी दोन सेकंद यायचा, आता आठ-दहा सेकंद टिकतो. गाडी गरम झाली की बंद. मात्र घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की १५०० आरपीएमच्या आसपास अगदी बारीक खुळखुळ ऐकू येते. पिकप आणि ॲव्हरेज दोन्ही पूर्वीसारखंच आहे.

दोन गॅरेजमध्ये दाखवली. पहिले म्हणाले टॅपेटचा, म्हणजे वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, आवाज आहे, जुन्या गाडीत असायचाच. दुसऱ्यांनी बोनेट उघडून जेमतेम अर्धा मिनिट ऐकलं आणि इंजिन खाली उतरवावं लागेल, ५५ हजार धरून चला, असं सांगितलं. आईला दर महिन्याला कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागतं, जाऊन-येऊन दीडशे किमीच्या आसपास. गाडी बंद ठेवून चालणार नाही, आणि रस्त्यात दगा दिला तर त्याहून वाईट.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आवाज नेमका कुठून येतोय हे घरी कसं शोधायचं? महिनाअखेरपर्यंत गाडी चालवू का? आणि चेन ताणून धरणारा टेन्शनरच खराब निघाला तर तेवढाच बदलायचा की सगळा सेट?

कोकणवेडा (४ डिसेंबर, रात्री ९:५२)

आधी ऑइलची काडी बघितली का?

गडहिंग्लजकर (४ डिसेंबर, रात्री १०:०५)

@कोकणवेडा, बघितली. दोन खुणांच्या मध्ये आहे, खालच्या खुणेच्या जरा जवळ. ऑइल जानेवारीत बदललं, त्यानंतर ११ हजार किमी झाले. कोणतं टाकलं ते गॅरेजवाल्याच्या बिलावर लिहिलेलं नाही, नुसतं 'इंजिन ऑइल ३.५ लि.' एवढंच आहे.

जुना_फिटर (५ डिसेंबर, सकाळी ६:२०)

गडहिंग्लजकर, एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत माझी ३१ वर्षं गेली. आमच्या डिझेल इंजिनांना गिअरचं टायमिंग असायचं, चेन नव्हती. चेनची कामं मी निवृत्तीनंतर पुतण्याच्या गॅरेजमध्ये शिकलो. कान मात्र दापोडीतच तयार झाला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आवाजाची लय मोजा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, कारण कॅमच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) दात दुप्पट असतात. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर क्रँक सेकंदाला तेराएक फेरे घेतो आणि कॅम सहा-सात. टॅपेटचा आवाज कॅमच्या लयीत पडतो: टक, टक, टक, सुटा, मोजता येईल असा. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड असतो आणि इंजिनावर लोड आला की वाढतो. चेन सैल झाली की ती कव्हरच्या आत गाईडवर (चेनला आधार देणाऱ्या पट्टीवर) आपटते. त्या आवाजाला ठोका नसतो, एकसंध खडखड असते. तुम्ही शेंगांची उपमा दिलीत तिथेच माझे कान टवकारले.

दुसरी गोष्ट, जागा शोधा. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनाच्या धातूवर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. आधी वरच्या हेड कव्हरवर, मग पुलीच्या बाजूच्या फ्रंट कव्हरवर वरपासून खालपर्यंत दर दोन-तीन इंचांवर ऐका, मग अल्टरनेटरच्या बॉडीवर. जिथे आवाज कानात टोचल्यासारखा येईल तिथे खडूने खूण करा. बाह्या वर गुंडाळा, गळ्यात मफलर नको, पंखा आणि बेल्टपासून हात दूर. हे काम दोघांनी करा, एकजण किल्लीवर बसलेला हवा.

आणि सकाळी गाडी गार असतानाच हे करा. आवाज दहा सेकंदांचाच आहे, तेव्हा एका स्टार्टला एकच जागा ऐकून होईल. तीन-चार सकाळी जातील, जाऊ द्या. गॅरेजवाल्यालाही गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवायला सांगा. गरम गाडी दाखवून गार गाडीचा आजार कळत नाही.

गौरी_नाशिक (५ डिसेंबर, सकाळी ८:११)

काकांचा प्रतिसाद छापून गाडीच्या डिकीत ठेवण्यासारखा आहे.

माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीत असाच सकाळी आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये चेन गेली म्हणून सांगितलं, वर 'साहेबांना घेऊन या, त्यांच्याशी बोलतो' हेही ऐकून घ्यावं लागलं. गाडी माझी, चालवते मी, पैसे मी देणार. मी तिथून गाडी काढली आणि दुसरीकडे नेली. तिथल्या मुलाने गार गाडीचा बाहेरचा बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवणारा, काढून ठेवला आणि इंजिन वीस सेकंद चालवलं. आवाज गायब! बेल्टला नुसती वाट देणाऱ्या आयडलर पुलीचं बेअरिंग गेलं होतं. साडेसातशे रुपयांत काम झालं.

बेल्ट काढल्यावर वॉटर पंप फिरत नाही, म्हणून वीस-तीस सेकंदांच्या वर चालवायचं नाही. गार इंजिनाला तेवढ्याने काही होत नाही. गडहिंग्लजकर, हे आधी करून घ्याच.

टॉर्क_रेंच (५ डिसेंबर, सकाळी ९:३०)

गौरीताईंना +१. माझ्याकडून आणखी एक नाव: ऑइल फिल्टर.

चेनचा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. आत स्प्रिंग आणि एक प्लंजर असतो, मागून ऑइल येतं, प्लंजर गाईडला ढकलतो आणि गाईड चेनला ताणून धरतो. इंजिन बंद झालं की दाब संपतो. चांगल्या फिल्टरमध्ये रबराचा एक झडपेसारखा पडदा असतो, तो ऑइल परत खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरू देत नाही. हलका फिल्टर असेल किंवा ते रबर कडक झालं असेल तर रात्रभरात सगळं ऑइल खाली येतं, आणि सकाळी पंपाला ते पुन्हा वर चढवेपर्यंत टेन्शनर कोरडा. तेवढा वेळ चेन नाचते.

११ हजार किमी झालेलं, कुठलं ते माहीत नसलेलं ऑइल! मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल आणि कुणी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतलं असेल तर गार असताना ते काकवीसारखं सावकाश चढणार. इंजिन खोलण्याआधी मॅन्युअलप्रमाणे ऑइल आणि चांगला फिल्टर टाका. दोन-अडीच हजारांत निदान एक शंका तरी मिटेल.

उद्यमनगरी (५ डिसेंबर, दुपारी १:०२)

टॉर्करावांचं बरोबर हाय, पण अर्धंच. घाट उतरताना गरम गाडीत बी खुळखुळ येती असं त्यांनीच लिवलंय. फिल्टरचा दोष असता तर गरम झाल्यावर काय बी आवाज आला नसता. माझ्या मते चेन घासलीय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं काम हाय, गॅरेजवाली मंडळी रोज येत्यात, त्यांच्याकडून लई चेना बघितल्यात.

टॉर्क_रेंच (५ डिसेंबर, दुपारी १:२०)

@उद्यमनगरी, तो मुद्दा माझ्या नजरेतून सुटला, मान्य. तरी ऑइल आधी बदलावंच. काही झालं तरी ते पैसे वाया जात नाहीत.

पद्मिनीवाले (५ डिसेंबर, दुपारी ३:४५)

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिलाही चेनच होती. दर रविवारी वडील हेड कव्हर काढून फीलर गेजने टॅपेट सेट करायचे आणि मी पत्र्याच्या डबीत नट सांभाळत बसायचो. गेजची पट्टी फटीतून ओढताना 'लोण्यातून सुरी जाते तशी नको, खरवसातून जाते तशी हवी' म्हणायचे. ती अडकती ओढ अजून बोटांत आहे.

कोकणवेडा (५ डिसेंबर, दुपारी ३:५८)

खरवसातून! ह्याला म्हणतात माप. आता खरवस कुठे मिळेल असा नवा धागा काढावा लागणार.

गडहिंग्लजकर (९ डिसेंबर, रात्री ८:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार सकाळी खर्ची घातल्या, बायको किल्लीवर आणि मी स्क्रू ड्रायव्हरवर.

पहिल्या सकाळी हेड कव्हर ऐकलं. टिकटिक आहे, पण बारीक आणि सारखी. दुसऱ्या सकाळी अल्टरनेटर, तिथे नुसती घरघर. तिसऱ्या सकाळी ड्रायव्हरच्या बाजूचं फ्रंट कव्हर. मधल्या उंचीवर टोक टेकवलं आणि किल्ली फिरली मात्र, दचकून मूठ कानापासून दूर केली. कुणी डोक्यात खिळ्यांचा डबा हलवावा तसं झालं. खडूने खूण केली. चौथ्या दिवशी इथल्या एका ओळखीच्या मुलाकडून बेल्ट काढून वीस सेकंद चालवलं. आवाज तसाच, उलट बाकीची घरघर गेल्यामुळे जास्तच स्पष्ट.

त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलला. जुनं ऑइल डांबरासारखं काळं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे, तेच टाकलं. आज सकाळी आवाज चार सेकंदच आला. घाटाची खुळखुळ आहे तशीच. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, एकही कोड नाही.

जुना_फिटर (९ डिसेंबर, रात्री ९:१५)

शाबास. सूनबाईंनाही सांगा. अर्धं काम तुम्ही दोघांनीच केलंत.

कोड नाही म्हणजे चेन दात चुकलेली नाही, टायमिंग अजून जागेवर आहे. पी ००१६ किंवा पी ००१७ आला असता तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडला असं समजून मी गाडी हलवू नका म्हटलं असतं. अशी बरीच इंजिनं असतात की चेनने दात सोडले तर उघडा वॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. मग हेड उतरवावं लागतं आणि खर्चाला धरबंध राहत नाही.

आता ऑइलचा दाब मोजून घ्या. प्रेशरचा सेन्सर काढून तिथे मीटर लावायचा, गार आणि गरम दोन्ही वेळा बघायचं. दाबच कमी असेल तर नवा टेन्शनरही खडखडणार, आणि लोक म्हणणार पार्ट खराब निघाला.

तुमचा दुसरा प्रश्न: दाब ठीक असेल तर गावात सावकाश चालवा. आईंना घेऊन दीडशे किमी मात्र ह्या गाडीने नको. त्या दिवशी दुसरी गाडी ठरवा.

सह्याद्री_स्टुटगार्ट (१० डिसेंबर, पहाटे १:४०)

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत. मी जर्मनीत राहतो. इथे गॅरेजची तासाची मजुरी इतकी आहे की लोक पार्टपेक्षा मजुरीला घाबरतात. इथे भाड्याने लिफ्ट आणि हत्यारं देणारी गॅरेजेस असतात, तासावर पैसे देऊन आपलं काम आपण करायचं. मी माझ्या गाडीचा टेन्शनर तिथेच बदलला. काही इंजिनांत टेन्शनर बाहेरून दोन बोल्टवर असतो, फ्रंट कव्हर न उघडता निघतो. माझ्यात तसा होता. दीड तासात काम झालं, आवाज बंद, त्यानंतर ४० हजार किमी झाले. तुमच्यात तसं असेल तर तेवढाच बदला.

फक्त एक जपा. टेन्शनर बाहेर असताना क्रँक जराही फिरवायचा नाही, गाडी गिअरमध्ये ढकलायची नाही. चेन सैल असते, दात चुकेल.

उद्यमनगरी (१० डिसेंबर, सकाळी १०:२२)

दादा, तुमचं नशीब चांगलं होतं असं म्हणेन. ताणलेल्या चेनवर नवा टेन्शनर लावला की त्याचा प्लंजर पहिल्याच दिवशी पार टोकाला जाऊन बसतो. आवाज बंद होतो, पण पुढं ढकलायला जागाच उरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

चेन रबरासारखी ताणत नसती. प्रत्येक कडीची पिन आणि तिचं भोक घासतं. शंभरावर कड्या असत्यात, एकेकीत केसाएवढी ढिलाई आली तरी सगळी मिळून चार-पाच मिलिमीटर होतात. जरा हिशोब करा. १,३८,००० किमी सरासरी ताशी ४० ने म्हणजे साधारण ३,४५० तास. सरासरी २,००० आरपीएम धरले तर क्रँक फिरला ४१ कोटींवर वेळा. त्यातल्या कितीतरी फेऱ्या त्या डांबरासारख्या ऑइलात.

सह्याद्री_स्टुटगार्ट (१० डिसेंबर, दुपारी ४:०५)

माझ्या गाडीचे तेव्हा ६२ हजारच झाले होते आणि ऑइल वेळेवर बदललेलं होतं, हे लिहायचं राहिलं. १,३८,००० आणि मागचा इतिहास माहीत नसलेली सेकंडहँड गाडी असेल तर तुमचं पटतं. पण सरसकट 'सेटच टाका' हेही बरोबर नाही. प्लंजर किती बाहेर आलाय हे मोजून ठरवावं, बऱ्याच इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा दिलेली असते.

गौरी_नाशिक (१० डिसेंबर, दुपारी ४:३०)

दोघंही एकच म्हणताय की! मोजा आणि मग ठरवा.

मला वाटतं, फ्रंट कव्हर उघडावंच लागणार असेल तर मजुरी सगळी त्यातच जाते. मग जुनी चेन परत बसवून कव्हर बंद करणं जिवावर येतं.

पुणेरी_स्पेअर (१० डिसेंबर, संध्याकाळी ७:१०)

नाना पेठेत पार्टच्या दुकानांत माझं रोजचं येणं-जाणं असतं, त्यावरून सांगतो. फक्त 'अमुक गाडीची चेन द्या' म्हणू नका. त्याच गाडीत सालाप्रमाणे चेन वेगळी असू शकते. आर.सी. बुकावरचा चॅसिस नंबर द्या, पार्ट नंबर काढून घ्या. डुप्लिकेट टेन्शनर दिसायला हुबेहूब असतो. हातात घेऊन प्लंजर दाबून बघा: आतल्या रॅचेटचा दात स्पष्ट टकटक बसला पाहिजे, लूज-लूज वाटला तर परत ठेवा. चेन, टेन्शनर, दोन्ही गाईड, क्रँकचं पुढचं ऑइल सील, हेड कव्हरचं पॅकिंग आणि फ्रंट कव्हरचा सीलंट अशी यादी करा. स्प्रॉकेट खोलल्यावर बघून ठरवा.

कोकणवेडा (१० डिसेंबर, संध्याकाळी ७:३४)

वाचनखूण साठवली. माझी गाडी बेल्टची आहे, तरी सगळं वाचतोय.

टॉर्क_रेंच (१० डिसेंबर, रात्री ८:०२)

@कोकणवेडा, मग तुम्ही तर जास्तच वाचा. बेल्ट तुटण्याआधी आवाज करेलच असं नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी होईल तेव्हा, तो बदलायचा असतो. तुमचा शेवटचा कधी बदलला?

कोकणवेडा (१० डिसेंबर, रात्री ८:०६)

उद्याच गॅरेजला जातो.

गडहिंग्लजकर (२१ डिसेंबर, रात्री १०:१५)

काम झालं! जसं झालं तसं लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

ऑइलचा दाब गार-गरम दोन्ही वेळा मॅन्युअलच्या आकड्यात बसला. मग उद्यमनगरी यांनी सुचवलेल्या कोल्हापूरच्या मिस्त्रींकडे गाडी टाकली. दोन दिवस रजा काढून शेजारी उभा राहिलो, त्यांनी आनंदाने राहू दिलं. इंजिन खाली उतरवावं लागलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिक काढलं, चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला आणि त्या बाजूचं इंजिन माउंटिंग सोडलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढली होती. क्रँक पुलीचा बोल्ट काही केल्या सुटेना. शेवटी फ्लायव्हील लॉक करून, गोटी पान्याला चार फुटी पाइप घालून दोघांनी जोर लावला, तेव्हा 'कडाक्' करून सुटला. मला वाटलं काहीतरी तुटलं.

फ्रंट कव्हर निघालं आणि मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. टेन्शनरचा प्लंजर जवळजवळ शेवटच्या दातापर्यंत बाहेर. ज्या गाईडला तो ढकलतो त्याच्या प्लॅस्टिकवर चेनने दोन खोल चर पाडलेले, नख घातलं तर नख अडकत होतं. खालच्या टोकाचा एक तुकडाच नव्हता. मिस्त्री म्हणाले, तो शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. चेंबर उतरवला. पंपाच्या गाळणीत बोराच्या बीएवढा काळा तुकडा आणि काजळीचा गाळ. अर्धी गाळणी बंद.

जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगली. खालच्या टोकाला जुनी करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी लांब. उद्यमनगरी, तुमचा चार-पाच मिलिमीटरचा हिशोब डोळ्यांनी बघितला.

मग टायमिंग. पहिला पिस्टन वर आणला, नव्या चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवल्या, नव्या टेन्शनरची पिन शेवटी ओढली. खट्ट! चेन तारेसारखी ताठ झाली. क्रँक हाताने, फक्त सुलट्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवला. आणि इथे माझा जीव वर-खाली झाला, कारण रंगीत कड्या खुणांवर परत आल्याच नाहीत! मिस्त्री चहा पीत राहिले. 'सर, कड्या बघू नका, स्प्रॉकेटच्या खुणा बघा.' त्या बरोबर होत्या. पण कड्या का आल्या नाहीत ते मला अजून नीट कळलेलं नाही.

खर्च: सेट ९,४००, मजुरी ६,५००, ऑइल-कूलंट-सीलंट वगैरे ३,१००. एकूण १९,०००. ५५ हजार ऐकून त्या रात्री मी गाडी विकायची जाहिरात लिहायला बसलो होतो.

जुना_फिटर (२२ डिसेंबर, सकाळी ६:०५)

त्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. गाळणी उघडणारा माणूस भरवशाचा.

कड्यांचं असं आहे: रंगीत कड्या फक्त चेन चढवताना लागतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत क्रँकच्या दातांच्या दुप्पट कड्या पुढे जातात. चेनमध्ये कड्या त्याहून पुष्कळ जास्त असतात, त्यामुळे कॅमचा फेरा पूर्ण होतो पण चेनचा होत नाही. कड्या आणि खुणा पुन्हा एकत्र यायला बरेच फेरे लागतात. नवीन पोरं इथेच घाबरतात आणि बरोबर बसलेली चेन उतरवून चुकीची बसवतात. पुतण्याकडे असं होताना मी स्वतः बघितलंय.

आता हे ऑइल हजारएक किलोमीटरला काढून टाका, फिल्टरसकट. उघडलेल्या इंजिनात सुटलेला गाळ त्यात येतो. पुढे दर बदलाला बिलावर ऑइलचा ग्रेड लिहून घ्या.

पद्मिनीवाले (२२ डिसेंबर, सकाळी ९:४०)

नख अडकत होतं हे वाचून अंगावर काटा आला. छान लिहिलंत सर. गाईडचा फोटो असेल तर टाका.

उद्यमनगरी (२२ डिसेंबर, दुपारी १२:१५)

नाद खुळा सर! कोल्हापूरला आला की उद्यमनगरात चहाला या, आईंना बी घेऊन या.

गडहिंग्लजकर (३ जानेवारी, संध्याकाळी ६:५०)

काल आईला घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो. सकाळी सहाला गाडी सुरू केली, दव पडलेलं, काचेवर पाणी. एक सेकंदही आवाज नाही. आई म्हणाली, 'आज गाडी सुरू झाली का नाही कळलंच नाही.' येताना उद्यमनगरात चहा झाला.

नवा_सभासद_वाई (१९ फेब्रुवारी, रात्री ११:२०)

शोधताना हा धागा सापडला. माझ्या गाडीत हाच आवाज आहे, पण सकाळी आणि गरम झाल्यावरही सतत येतो. काल इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर पी ००१६ आला. आयडलला गाडी थरथरते. ऑइल पुरेसं आहे. उद्या पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जायचं ठरलंय, पाहुणे आलेत. जाऊन आल्यावर गॅरेजला दाखवलं तर चालेल का?

गडहिंग्लजकर (१९ फेब्रुवारी, रात्री ११:३१)

नाही, दादा. गाडी सुरूसुद्धा करू नका. माझ्यात कोड नव्हता आणि गरम झाल्यावर आवाज जवळजवळ जात होता, म्हणून काकांनी गावात चालवायला परवानगी दिली होती. तुमच्या चेनने बहुतेक एखादा दात सोडलाय. पाहुण्यांसाठी भाड्याची गाडी बघा, आणि तुमची सकाळी टो करून गॅरेजला न्या, ढकलायची झाली तर न्यूट्रलमध्येच. खोलतील तेव्हा शेजारी उभे राहा आणि चेंबर उतरवून गाळणी बघायला सांगा. मॉडेल आणि किलोमीटर इथे लिहून ठेवा. जुना_फिटर काका सकाळी सहाला येतात, ते बघतील.

जुना_फिटर (२० फेब्रुवारी, सकाळी ५:५५)

सरांनी सांगितलं ते बरोबर. हेड उतरवायचं ठरवण्याआधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजायला सांगा, पण टायमिंग जागेवर येईपर्यंत स्टार्टर मारू नका, चेन अजून दात सोडेल. पहिल्यांदा नुसतं हेड कव्हर काढून स्प्रॉकेटच्या खुणा बघायच्या, टायमिंग जागेवर आणायचं, आणि मगच कॉम्प्रेशन. वॉल्व्ह वाकला असेल तर तिथेच कळेल. गॅरेजला पोचलात की काय निघालं ते इथे लिहा, मी दिवसभर आहे.

नवा_सभासद_वाई (२० फेब्रुवारी, सकाळी ७:१०)

टोवाल्याला सांगितलंय, आठला येतोय. २०१४ चं मॉडेल, पेट्रोल, १,१२,००० किमी. पाहुण्यांना शेजाऱ्यांच्या गाडीने पाठवलं, मी गॅरेजला थांबतोय.